शाळा बंद, शिक्षक हजर



४ मे २०२२, बुधवार. दक्षिण कोरियातील एखाद्या लहानशा शहरातील प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर आणावी. दुपारचे साडेतीन वाजले आहेत. मुले केव्हाच घरी गेली आहेत. शिक्षकांच्या खोलीत नेहमीपेक्षा जरा अधिक लगबग आहे. कोणी चहाचे पेले विसळून ठेवीत आहे, कोणी संगणक बंद करीत आहे. उद्या ५ मे, म्हणजे कोरियातील बालदिन, आणि तो तर राष्ट्रीय सुट्टीचाच दिवस. परंतु एकमेकींचा निरोप घेताना साऱ्याजणी म्हणत आहेत ते 'सोमवारी भेटू' असे. मग मधला शुक्रवार कोठे गेला?

हा प्रश्न त्या खोलीत एकीलाच पडलेला आहे. ती दक्षिण आफ्रिकेतून इंग्रजी शिकविण्यासाठी आलेली तरुण शिक्षिका आहे अशी कल्पना करू. तिने शेजारच्या मेजावरील सहशिक्षिकेस विचारले, "शुक्रवारी शाळा नाही काय?" सहशिक्षिका म्हणाली, "नाही." "मग मला सुट्टी आहे?" यावर सहशिक्षिका क्षणभर थांबली, हसली आणि म्हणाली, "बहुधा. उपमुख्याध्यापकांना विचारून सांगते."

या 'बहुधा'पायी कोरियातील परदेशी शिक्षकांनी जितके दिवस तिष्ठत घालविले असतील, तितके क्वचितच दुसऱ्या कशापायी घालविले असतील. बाहेरून पाहणाऱ्यास हा प्रकार हास्यास्पद वाटेल. शाळा एक तर उघडी असते नाही तर बंद; त्यात संदेहाला जागा कोठे? परंतु शाळा मुलांसाठी बंद असणे, ती तेथील कायम शिक्षकांसाठी बंद असणे आणि करारावर आलेल्या परक्या शिक्षकासाठी बंद असणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे कायदेही तीन निरनिराळे आहेत. हे ध्यानात घेतले म्हणजे त्या सहशिक्षिकेचे 'बहुधा' हे टाळाटाळीचे उत्तर नसून बरेचसे प्रामाणिक उत्तर आहे, हे कळून येते.

प्रथम हे शिक्षक कोण, ते पाहू. कोरियात १९९७ पासून प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी हा नियमित विषय झाला. त्याआधी दोन वर्षे, १९९५ मध्ये, इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा तरुणांना सरकारी शाळांत आणण्याची एक योजना सुरू झाली होती. 'एपिक' या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना ई-२ नावाचा व्हिसा देऊन शिकवावयास बोलाविले जाते. भारतीयांना हे दार पूर्वी बंदच होते. १ जानेवारी २०१० रोजी भारत आणि कोरिया यांच्यामधील सर्वंकष आर्थिक भागीदारीचा करार अमलात आला, तेव्हा अध्यापनाची पात्रता असलेल्या आणि इंग्रजी हा मुख्य विषय घेऊन पदवी मिळविलेल्या भारतीय शिक्षकांना सरकारी शाळांत साहाय्यक म्हणून जाण्याची वाट त्या कराराने मोकळी करून दिली. पणजीच्या किंवा बडोद्याच्या एखाद्या शिक्षिकेच्या मनात तिकडे जाण्याचा विचार आला, तर पुढील हकीकत तिच्याही उपयोगाची आहे.

करार सामान्यतः एक वर्षाचा असतो. आठवड्यास बावीस तास शिकवावयाचे आणि एकूण चाळीस तास शाळेत हजर राहावयाचे. बावीस आणि चाळीस यांतील हे अंतर वरवर निरुपद्रवी दिसते. पण सगळ्या घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. कारण करार पगार देतो तो हजेरीच्या तासांचा, शिकविण्याच्या नव्हे. मुले नसली म्हणजे शिकविणे संपते. हजेरी संपत नाही.

आता भाषेकडे वळू. आपण मराठीत 'सुट्टी' या एका शब्दात सारे भागवितो. दिवाळीची सुट्टी, रविवारची सुट्टी, मधली सुट्टी, आणि कोणी आजारी पडला तर त्यानेही 'सुट्टी घेतली' असेच म्हणतो. 'रजा' हा शब्द कचेरीच्या कागदावर वेगळा राहिला आहे, इतकेच. कोरियन भाषेत मात्र हे कप्पे काटेकोर आहेत. 'गोंगह्युइल' म्हणजे सरकारने जाहीर केलेली सार्वजनिक सुट्टी. 'बांगहाक' म्हणजे शाळेची दीर्घ सुट्टी. मूळ चिनी अक्षरांचा अर्थ पाहू गेल्यास 'शिक्षण मोकळे सोडणे'. 'ह्युगा' म्हणजे नोकरदाराने मागून घेतलेली रजा. आणि चौथा, सर्वांत अडचणीचा शब्द 'ह्युओबिल', म्हणजे ज्या दिवशी पाठ थांबतात तो दिवस. याच्याच शेजारी 'ह्युग्यो' नावाचा आणखी एक शब्द आहे, त्याचा अर्थ शाळाच बंद. कोरियाच्या प्राथमिक व माध्यमिक शिक्षणाच्या कायद्यात या दोहोंतील भेद सांगितलेला आहे: पहिल्यात पाठ आणि विद्यार्थ्यांचे येणे थांबते, दुसऱ्यात किरकोळ देखरेख वगळता शाळेचे सर्वच कामकाज थांबते. म्हणजे ह्युओबिलच्या दिवशी वर्गाला कुलूप असले तरी शाळा कायद्याच्या दृष्टीने जिवंत असते. आणि इंग्रजीत हे सगळे शब्द येतात ते एकाच 'हॉलिडे'चा अंगरखा घालून. सहशिक्षिका भाषांतर करून सांगते 'नो स्कूल', आणि ऐकणारी समजते 'मला मोकळीक'. दोघींचेही शब्द खरे. अर्थ मात्र निराळे.

आता त्या शुक्रवारकडे पाहू. कोरियन शाळांत मुख्याध्यापकाच्या विवेकाधीन अशा काही सुट्ट्या असतात. त्यांना 'जेर्यांग ह्युओबिल' म्हणतात. शाळेच्या व्यवस्थापन समितीत विचारविनिमय होऊन त्या ठरतात आणि वर्षाच्या आरंभीच वेळापत्रकात नोंदल्या जातात. दोन सुट्ट्यांच्या मध्ये एखादा कामाचा दिवस एकाकी उरला असेल तर बहुधा तोच निवडला जातो. शाळेचा स्थापनादिनही असाच पाळला जातो. आपल्याकडील शिक्षकांना यात नवल वाटू नये; मुख्याध्यापकांच्या अधिकारातील सुट्टी महाराष्ट्रातील शाळांना चांगलीच परिचित आहे, आणि ती कोणत्या सणाला जोडावी यावर शिक्षकांच्या खोलीत जी खलबते चालतात तीही. सुट्टी ही जागेगणिक बदलते याचाही अनुभव सीमेवरच्या लोकांना आहेच. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्तानिमित्त गोव्यात सरकारी सुट्टी असते; सव्वाशे किलोमीटरांवरील बेळगावच्या सरकारी यादीत ती नसते. फरक एवढाच की बेळगावच्या शिक्षकाला आपण बेळगावात आहोत हे ठाऊक असते. कोरियातील परक्या शिक्षकाला मात्र आपण नक्की कोणाच्या यादीत आहोत हेच ठाऊक नसते.

गंमत अशी की २०१६ मध्येही ५ मे गुरुवारीच आला होता. त्या वर्षी सरकारने ६ मेचा शुक्रवार तात्पुरती सार्वजनिक सुट्टी म्हणून जाहीर केला, आणि हा निर्णय झाला २८ एप्रिलला, म्हणजे जेमतेम आठ दिवस आधी. सुट्टी सार्वजनिक असल्याने परक्या शिक्षकाच्या हजेरीचा प्रश्नच उद्भवला नाही. २०२२ मध्ये तोच वार, तोच दिवस. परंतु सरकारने काही जाहीर केले नाही, म्हणून पुष्कळ शाळांनी आपल्या अधिकारात तो ह्युओबिल ठरविला. मुलांना दोन्ही वेळा सारखीच चार दिवसांची चंगळ. परक्या शिक्षकाच्या दृष्टीने मात्र पहिला दिवस हक्काचा आणि दुसरा संशयाचा.

कोणी विचारील, तेथील कायम शिक्षक त्या दिवशी घरी राहतात, तर परदेशी शिक्षकाने का राहू नये? याचे उत्तर एका कलमात दडलेले आहे, आणि ते कलम माहीत नसल्यामुळे कितीएक मनांत विनाकारण कडवटपणा साचला आहे. कोरियातील शिक्षण क्षेत्रातील लोकसेवकांसाठी जो कायदा आहे, त्याच्या ४१व्या कलमानुसार शिक्षकाला, पाठांना बाध येत नसेल तर, शाळाप्रमुखाच्या संमतीने शाळेबाहेर राहून अभ्यास व प्रशिक्षण करता येते. दीर्घ सुट्टीत आणि पुष्कळदा ह्युओबिललाही कायम शिक्षक घरी असतात ते या कलमाच्या आधारे. कागदोपत्री ते रजेवर नसतात. ते 'कार्यस्थळाबाहेरील अभ्यासात' असतात. हा अभ्यास कोणी ग्रंथालयात करतो, कोणी डोंगरावर फिरावयास जाऊन करतो, त्याची झडती सहसा कोणी घेत नाही. परंतु हे कलम आहे लोकसेवक शिक्षकांसाठी. परदेशी शिक्षक लोकसेवक नाही. तो श्रममान कायद्याखालचा करारबद्ध कामगार आहे. त्याला ४१वे कलम लागू होत नाही. तेव्हा शाळेने त्याला घरी बसू द्यावयाचे ठरविले तरी कोणत्या नावाने द्यावयाचे, असा प्रश्न उपमुख्याध्यापकापुढे उभा राहतो. हजेरीपुस्तकात काही तरी लिहावे लागते. रजा लिहावी तर त्याची रजा कापली जाते. हजर लिहावे तर तो हजर नाही.

नेमकी उलटी स्थिती १ मेच्या कामगारदिनी अनेक वर्षे होती. त्या दिवशी कामगारांना कायद्याने भरपगारी सुट्टी, पण लोकसेवक शिक्षकांना नाही. म्हणजे शाळा भरलेली, कोरियन शिक्षक वर्गावर, आणि कायद्याच्या अक्षराप्रमाणे पाहिले तर सुट्टी एकट्या परदेशी शिक्षकाची! ती मागावयाची कोणत्या तोंडाने? पुष्कळांनी मागितली नाही. काहींनी मागितली आणि सहकाऱ्यांच्या भुवया उंचावलेल्या पाहिल्या.

दीर्घ सुट्टीत तर या स्थितीला एक विलक्षण रूप येते. कोरियन शाळेचे वर्ष मार्चमध्ये सुरू होते. १ मार्च हा १९१९च्या स्वातंत्र्य आंदोलनाचा स्मृतिदिन, म्हणून सुट्टी. दुसऱ्या दिवसापासून नवे वर्ष. जुलैच्या उत्तरार्धात उन्हाळ्याची सुट्टी लागते, ऑगस्टच्या मध्यास किंवा अखेरीस दुसरे सत्र उघडते, आणि डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत हिवाळ्याची दीर्घ सुट्टी येते. पुष्कळ शाळांत मग फेब्रुवारीत थोडे दिवस शाळा भरून पुन्हा मार्चपर्यंत सुट्टी असे. मुलांची ही सुट्टी आठवड्यांत मोजावयाची. परदेशी शिक्षकाची रजा मात्र दिवसांत. एपिकच्या पूर्वीच्या करारांत ती अठरा कामाच्या दिवसांची असे, उन्हाळ्यात आठ आणि हिवाळ्यात दहा. पुढे ती वाढविण्यात आली. उरलेल्या दिवसांपैकी एक-दोन आठवडे 'इंग्रजी शिबिरा'त जातात. आणि त्यानंतरही जे दिवस उरतात, ते शाळेत येऊन मेजाशी बसून काढावयाचे! या प्रकाराला त्या शिक्षकांनी आपसांत 'डेस्क वॉर्मिंग', म्हणजे मेज उबविणे, असे नाव दिले आहे.

हे उबविणे म्हणजे काय ते जानेवारीत कळते. बाहेर तापमान शून्याखाली. इमारतीत पहारेकरी, कार्यालयातील दोन-तीन कर्मचारी आणि हा शिक्षक. वर्गांतील उष्णतेची यंत्रे पुष्कळदा एका ठिकाणाहून नियंत्रित होतात आणि मुले नसल्याने ती बंद. अंगात कोट, हातात मोजे, समोर पुढील सत्राच्या पाठांची टाचणे, जी चौथ्या दिवशीच संपलेली असतात. शाळेचे स्वयंपाकघर बंद, तेव्हा दुपारचे जेवण डब्यातले. कोणी या वेळेचा सदुपयोग करून कोरियन भाषा शिकतो, कोणी पुस्तके वाचतो, कोणी भिंतीवरील घड्याळ. काही मुख्याध्यापक तोंडीच 'घरी जा' म्हणतात. काही म्हणत नाहीत. शेजारच्या गावातील मित्राला घरी पाठविले गेले आणि आपण मात्र बसलो आहोत, हे ज्या दिवशी कळते तो दिवस थंडीपेक्षाही बोचतो. कराराचा मसुदा एक, त्याचा अर्थ लावणारे हजार.

बरे, बातमी तरी वेळेवर मिळावी! ह्युओबिल मार्चमध्येच ठरलेला असतो, मग तो परदेशी शिक्षकाला मे महिन्यात, तोही आदल्या दिवशी, का कळावा? यात कोणाचा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. वार्षिक वेळापत्रक, ज्याला तेथे 'हाक्सा इल्जॉंग' म्हणतात, ते शाळेच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी असते. पण कोरियन भाषेत. शिक्षकांमधील सूचना दिवसभर संगणकाच्या पडद्यावर येत असतात. त्याही कोरियन भाषेत. चाळीस जणांना जे ठाऊक आहे ते एक्केचाळिसाव्याला ठाऊक नाही, हे कोणाच्या लक्षात यावे कसे? शिवाय त्या समाजात 'नुन्ची' नावाचा एक गुण फार मोलाचा मानतात: न सांगता परिस्थिती ओळखणे, समोरच्याच्या चेहऱ्यावरून मनातले वाचणे. सारे आवराआवर करीत आहेत त्या अर्थी उद्या काही तरी आहे, हे ज्याने त्याने जाणावे. आपल्याकडील एकत्र कुटुंबात नव्या सुनेने बोलल्यावाचून पुष्कळ गोष्टी ओळखाव्या अशी अपेक्षा असे. त्याचीच ही बहीण म्हणावयास हरकत नाही. परक्या भाषेत बारा वर्षे वाढलेल्यालाही जे साधणे कठीण, ते बारा आठवड्यांपूर्वी विमानातून उतरलेल्याला कसे साधावे?

आणि त्या सहशिक्षिकेचीही बाजू ऐकली पाहिजे. परदेशी शिक्षकाची देखभाल हे तिचे मुख्य काम नव्हे. तिला स्वतःचे पाठ आहेत, पालक आहेत, अहवाल आहेत. त्यावर परक्याचे बँकखाते, त्याची दातदुखी, त्याच्या घराची गळकी मोरी. सरकारी शाळांतील शिक्षक काही वर्षांनी सक्तीने दुसऱ्या शाळेत बदलतात. म्हणून मार्च महिन्यात पुष्कळदा हे काम अशा कोणाच्या गळ्यात पडते की जिला आदल्या वर्षी काय वहिवाट होती हे ठाऊकच नसते. तिने 'तुला सुट्टी आहे' म्हणून सांगावे आणि उद्या उपमुख्याध्यापकांनी 'कोणी सांगितले?' म्हणून विचारावे, तर उत्तर तिलाच द्यावे लागणार. उपमुख्याध्यापकांना विचारावयास जाणे म्हणजे पुन्हा वरिष्ठाला निर्णयाच्या पेचात पाडणे. म्हणून ती 'बहुधा' म्हणते, आणि योग्य क्षणाची वाट पाहते. तो क्षण कित्येकदा शुक्रवार उलटल्यावर येतो.

शिवाय काही दिवस असे असतात की जे शाळेलाही आधी कळत नाहीत. २०२४ मध्ये १ ऑक्टोबर हा सैन्यदलाचा दिवस तात्पुरती सुट्टी झाला. २०२५ मध्ये चांद्र नववर्षाच्या आधीचा २७ जानेवारी झाला. दोन्ही निर्णय थोड्या आठवड्यांच्या, किंबहुना दुसरा तर दिवसांच्या, अंतराने. सुट्टी रविवारी आल्यास तिच्या बदली दुसरा दिवस देण्याची पद्धत प्रथम १० सप्टेंबर २०१४ रोजी लागू झाली, आणि पुढे २०२१ व २०२३ मध्ये तिची व्याप्ती वाढली. तेव्हा जुन्या शिक्षकाने दिलेली माहितीही दोन वर्षांत शिळी होते. नोव्हेंबरमध्ये विद्यापीठ प्रवेशाची 'सुनुंग' ही परीक्षा येते. त्या दिवशी कचेऱ्या उशिरा उघडतात, इंग्रजी ऐकण्याच्या चाचणीच्या वेळी देशभर विमानांचे चढणे-उतरणे थांबवितात, आणि परीक्षेचे केंद्र असलेल्या शाळांना पाठ नसतात. २०१७ मध्ये परीक्षेच्या आदल्या दिवशी, १५ नोव्हेंबरला, पोहांग येथे भूकंप झाला आणि त्याच रात्री परीक्षा आठवडाभर पुढे गेली. ज्या शिक्षकाने १६ तारखेच्या मोकळ्या दिवसावर काही बेत रचला असेल, त्याने तक्रार तरी कोणाकडे करावी? २०२० च्या साथीत २ मार्चला उघडावयाचे वर्ष लांबत लांबत ९ एप्रिलला, तेही केवळ शेवटच्या इयत्तांसाठी आणि संगणकाच्या पडद्यावर, सुरू झाले. पाठ नाहीत, मुले नाहीत, पण हजेरीचे काय, हा जुना प्रश्न तेव्हा साऱ्या देशातील शाळांत एकदम उभा राहिला.

खासगी शिकवणीवर्गांची, ज्यांना 'हागवॉन' म्हणतात, तऱ्हा आणखी वेगळी. तेथे धुसरपणाला कायद्याची नव्हे, तर व्यापाराची किनार आहे. शाळांना सुट्टी लागली की त्यांचा हंगाम सुरू होतो. मुलांचे बांगहाक म्हणजे तेथे जादा तास. सार्वजनिक सुट्ट्या खासगी मालकाने द्याव्यातच असे बंधन पूर्वी नव्हते. ते टप्प्याटप्प्याने आले: ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना २०२० पासून, ३० ते २९९ वाल्यांना २०२१ पासून, आणि ५ ते २९ वाल्यांना १ जानेवारी २०२२ पासून. पाचांपेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणी ते आलेच नाही. त्याआधी मालक काय करीत? चुसॉकचे दिवस, चांद्र नववर्षाचे दिवस, हे शिक्षकाच्या वार्षिक रजेतूनच दिल्याचे दाखवीत. श्रममान कायद्याप्रमाणे वर्षभर नियमित काम करणाऱ्यास पंधरा दिवस रजा मिळावयाची, आणि पहिल्या वर्षात पूर्ण महिन्यागणिक एक, जास्तीत जास्त अकरा. सणांचे दिवस यातून वजा केले की हातात उरते ते चिल्लर. कामगारांच्या प्रतिनिधीशी लेखी करार करून रजेच्या बदल्यात कामाचा दिवस मोकळा देण्याची मुभा कायद्यात आहे. पण असा लेखी करार आहे काय, आणि तो प्रतिनिधी कोण, हे विचारण्याचे धाडस नव्याने आलेल्या बाविशीतल्या मुलाला कोठून असावे? त्याचा व्हिसा त्याच मालकाशी बांधलेला. मुदतीपूर्वी दुसरीकडे जावयाचे तर जुन्या मालकाचे मोकळीकपत्र लागते. एका दिवसाच्या रजेसाठी भांडताना सारी नोकरी पणाला लागते, हे उभयपक्षी ठाऊक असते.

मग जे शहाणे झाले ते काय करतात? मार्चच्या पहिल्या आठवड्यातच ते वेळापत्रक मिळवितात आणि कोणाकडून तरी त्यातील ह्युओबिल अधोरेखित करून घेतात. करारातील सुट्टीविषयीचे कलम कोरियन आणि इंग्रजी अशा दोन्ही पाठांत वाचून ठेवतात. उत्तर तोंडी मिळाले तर तेच परत एका ओळीत लिहून सहशिक्षिकेस पाठवितात: 'आपण सांगितल्याप्रमाणे शुक्रवारी मी येणार नाही आणि माझी रजा कापली जाणार नाही, असे मी समजतो.' वाद विकोपास गेला तर श्रममंत्रालयाचा १३५० हा दूरध्वनी आहे; पण त्याची पाळी येऊ न देण्यातच चातुर्य. मुख्य म्हणजे ते प्रश्न नीट विचारावयास शिकतात. 'शाळा आहे काय?' हा प्रश्न मुलांचा आहे. 'मला यावे लागेल काय?' हा निम्मा प्रश्न. पुरा प्रश्न असा: 'मी आलो नाही तर हजेरीपुस्तकात काय लिहिले जाईल?' हा प्रश्न विचारला की उपमुख्याध्यापकही चष्मा वर करून विचार करू लागतात, कारण आता तो त्यांच्या भाषेतला प्रश्न झालेला असतो. आणि उत्तर येईपर्यंत विमानाचे तिकीट काढावयाचे नाही, हा नियम तर प्रत्येक जुना शिक्षक नव्याला पहिल्याच भेटीत सांगतो. बहुधा तो स्वतः एकदा पोळलेला असतो.

हे सारे एका दिवसासाठी, असे कोणास वाटेल. आपल्या त्या शिक्षिकेचेच पाहा. तिच्या वडिलांची प्रकृती ठीक नाही असे धरून चालू. घरी जावयाचे तर वाटेत विमान बदलत जाण्यास एक आणि येण्यास एक असे दोन दिवस प्रवासातच जातात. हिवाळ्यासाठी तिने रजेचा एकेक दिवस दात कोरून शिल्लक टाकावा तसा राखून ठेवला आहे. या शुक्रवारी न विचारता एक दिवस कापला गेला, तर वडिलांपाशी राहावयाच्या दिवसांतून एक उणा होणार. आणि रजा वाचविण्यासाठी ती शुक्रवारी कामावर आली, तर रिकाम्या इमारतीत आठ तास एकटी बसणार. दोहोंपैकी कोणतेही तिला चालेल. तिला फक्त कोणते ते कळावयास हवे आहे.

चार वाजून वीस मिनिटांनी सहशिक्षिका परत आली. शुक्रवारी यावयाचे नाही. मात्र एक अर्ज भरावा लागेल. रजेचा? नाही, रजेचा नव्हे, नोंदीसाठी. मग रजा कापणार नाही ना? सहशिक्षिका पुन्हा गेली. या वेळी तिला यावयास दहा मिनिटे लागली, आणि येताना तिच्या हातात कोरियन भाषेतील एक कोरा अर्ज होता. रजा कापणार नाही. दोघींनी मिळून तो भरला. कारणाच्या रकान्यात सहशिक्षिकेने चार अक्षरे लिहिली आणि शिक्षिकेने खाली सही केली. मग तिने मेजावरच्या दिनदर्शिकेत शुक्रवारभोवती तांबडे वर्तुळ काढले, पाने उलटून जुलै काढला आणि विचारले, "आणि उन्हाळ्याची सुट्टी कोणत्या तारखेपासून?"

सहशिक्षिका पिशवी उचलीत म्हणाली, "मुलांची बावीसपासून. तुमची अजून ठरलेली नाही."